सोसायटीच्या दप्तरातील यंत्रांची सांगड

मृगाचा पाऊस जवळ आला म्हणजे वसई तालुक्याच्या पूर्व भागातील भातशेतीच्या गावांत सेवा सहकारी सोसायटीच्या दारी युरियाच्या गोणीसाठी रांग लागते. ती गोणी सभासदाच्या खांद्यावर चढेपर्यंत तिची नोंद किती ठिकाणी होते, हे सहसा कोणी मोजीत नाही. पॉस यंत्रावर शेतकऱ्याचा आधार क्रमांक घालून अंगठा उमटविला जातो, ती पहिली नोंद. यंत्रातून निघालेली पावती पाहून सचिव सोसायटीच्या पावतीपुस्तकात दुसरी नोंद करतो. सायंकाळी साठावहीत तिसरी होते. जेथे रोजकीर्द संगणकावर ठेवण्याची सोय आहे तेथे तीच रक्कम चौथ्यांदा घातली जाते. गोणी पीककर्जाच्या वस्तुरूप भागातून दिलेली असेल तर सभासदाच्या कर्जखात्यावर पाचवी आणि जिल्हा बँकेच्या शाखेकडे जाणाऱ्या यादीत सहावी नोंद होते. गोणी एक, लिहिणारा हात बहुधा एकच, आणि नोंदी सहा.

ह्या सहांपैकी निदान तीन नोंदींचा शेवट कोणत्या ना कोणत्या यंत्रात होतो. खेड्यातील लहान संस्थेस यंत्रे मिळत नाहीत ही तक्रार एके काळी खरी होती. आज ती तितकीशी खरी राहिलेली नाही. अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर करण्याची पद्धत २०१८ पर्यंत देशभर लागू झाली. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचे व्यवहार कोअर बँकिंगवर गेले. सातबारा संगणकावर आला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची पाहणी शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून नोंदवावी अशी योजना राज्यभर सुरू झाली. सोसायटीच्या खोलीत एक संगणक, एक पॉस यंत्र आणि सचिवाच्या खिशात एक मोबाइल, इतकी सामग्री आता पुष्कळ ठिकाणी दिसते. उणीव निराळीच आहे. ह्यांपैकी एका यंत्रास दुसऱ्याचा पत्ता नसतो. त्यांच्यामधली सारी ने-आण माणसाने कागदावरून करावी लागते. अशा स्थितीत आणखी एखादे यंत्र किंवा आणखी एखादी आज्ञावली विकत घेतल्याने सहाच्या सात नोंदी होतात, इतकेच. लहान संस्थांनी नव्या खरेदीच्या मागे लागण्यापूर्वी हाती असलेल्या साधनांची सांगड घालावी, आणि ती सांगड सभासद नोंदवहीपासून घालावी, हे मत येथे मांडावयाचे आहे.

तफावत कोठून उपजते

हा प्रश्न सचिवाच्या श्रमापुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ह्या तुटक नोंदींची किंमत अखेर शेतकऱ्यास मोजावी लागते.

सहकारी पतपुरवठ्याची आपल्याकडील रचना सर्वांच्या परिचयाची आहे. बँक सोसायटीस कर्ज देते, सोसायटी सभासदास देते. म्हणजे एकाच पैशाचे दोन हिशेब चालतात: सोसायटीकडून बँकेस येणे किती, आणि सभासदांकडून सोसायटीस येणे किती. हे दोन आकडे परस्परांशी जुळते असावे लागतात. सभासदांकडील येणे बँकेच्या देण्यापेक्षा कमी भरले म्हणजे त्यास सहकार खात्याच्या भाषेत ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. ही तफावत वाढलेल्या संस्थेस नवे कर्ज देण्यास बँक कचरते, आणि मग ज्याने आपले कर्ज पै न पै फेडले आहे असा सभासददेखील खरिपाच्या तोंडावर खाजगी सावकाराच्या ओटीवर जाऊन बसतो. तफावतीच्या मुळाशी कोठे अपहार असतो, कोठे बुडीत कर्ज असते, व्याज आकारण्याची रीत दोन्हीकडे निराळी असल्यानेही ती येते. पण कित्येक वेळा कोणाची लबाडी नसतानाही ती साचत जाते: एक भरणा एका वहीत चढला, दुसरीत राहिला, एकाच्या नावाची वसुली दुसऱ्याच्या खात्यास गेली, व्याजाची आकारणी बँकेने एका तारखेस धरली आणि सोसायटीने दुसऱ्या. दोन्ही दप्तरांची गाठ वर्षातून एकदा, लेखापरीक्षकाच्या समोर पडते. तोपर्यंत चूक कोणत्या दिवशी झाली हे सांगणारा माणूस बदलून गेलेला असतो. दोन हिशेब रोजच्या रोज जोडलेले असते तर तीच चूक त्याच दिवशी सायंकाळी दिसली असती.

तारखेचे उदाहरण अधिक बोचरे आहे. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याजात सवलत मिळते. केंद्र सरकारची सवलत आहे आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनाही आहे. सभासदाने मुदतीच्या शेवटच्या दिवशी सोसायटीत पैसे भरले, पावती घेतली आणि तो निश्चिंत मनाने घरी गेला. सचिवाने ती रक्कम दोन दिवसांनी शाखेत नेऊन भरली. सोसायटीच्या कीर्दीत तो वेळेवर फेडणारा ठरतो, बँकेच्या खात्यात थकबाकीदार ठरण्याचा संभव राहतो. सवलतीच्या मागणीची यादी ज्या दप्तरावरून तयार होईल त्यावर त्याचे भवितव्य अवलंबून राहते. पावती त्याच्या हाती असते हे खरे. पण ती पावती घेऊन तालुक्यापर्यंत खेपा घालणे ज्यास परवडत नाही त्याच्यासाठीच ही सवलत काढलेली आहे.

खताच्या साठ्याचेही असेच आहे. पावसाळ्यात वीज जाते, जोडणी तुटते, आणि दारात उभ्या असलेल्या माणसास ‘उद्या ये’ म्हणणे सचिवाच्या जिवावर येते. गोणी दिली जाते, यंत्रावरील नोंद मागाहून करू असे ठरते आणि ती राहून जाते. यंत्र म्हणते साठा शिल्लक आहे, गोदाम म्हणते नाही. वरिष्ठांची तपासणी आली म्हणजे विश्वास यंत्रावर ठेवला जातो.

नावांचा घोळ

सांगड घालावयाची तर दोन दप्तरांत एकच माणूस ओळखता आला पाहिजे. वरवर सोपी दिसणारी ही अट वसईसारख्या ठिकाणी किती अवघड आहे हे येथे काम केलेल्या प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक आहे.

पश्चिमेच्या बागायत पट्ट्यात, निर्मळ, आगाशी, गास, भुईगाव ह्या बाजूस, एका वाडीत एकच आडनाव दहा घरांत असते. मनवेल, इनास, जुजे, बस्त्याव ही पोर्तुगीज वळणाची नावे पिढ्यान्‌पिढ्या आजोबाकडून नातवाकडे येतात. सातबारावर ‘जुजे’ असलेला माणूस शाळेच्या दाखल्यावर आणि आधार पत्रावर ‘जोसेफ’ होतो, ‘मनवेल’चा ‘मॅन्युएल’ होतो, ‘इनास’चा ‘इग्नेशियस’ होतो. डिसोजा हे एक आडनाव मराठीत कोठे डिसोजा, कोठे डिसोझा तर कोठे डिसूझा असे लिहिलेले आढळते. रोमन लिपीत त्याच्या ‘डी’ नंतर एक स्वल्पचिन्ह वर लावावे लागते, आणि काही आज्ञावल्या ते चिन्ह घेतच नाहीत. माणसाच्या डोळ्यास ही सारी नावे एकाच माणसाची आहेत हे कळते. यंत्रास कळत नाही. त्यास प्रत्येक रूप म्हणजे नवा माणूस वाटतो. पूर्वेकडील पाड्यांवर अडचण दुसरी आहे. तेथे कागदोपत्री नाव एक आणि पाड्यात हाक मारावयाचे नाव दुसरे, आडनावाचा उल्लेख कधी आहे कधी नाही, आणि सातबारावर वारसाची नोंद न झाल्याने मयत वडिलांचेच नाव चालू असते. विवाहानंतर बदललेल्या स्त्रियांच्या नावांबद्दल तर स्वतंत्र प्रकरण लिहावे लागेल. जमीन माहेरच्या नावावर, बँकेचे खाते सासरच्या नावावर आणि सोसायटीचा भाग पतीच्या नावावर, असे घर शोधावयास दूर जावे लागत नाही.

ह्या घोळाचा परिणाम राज्याने एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवलेला आहे. जून २०१७ मध्ये दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकीत कर्जाच्या माफीची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. शेतकऱ्यांनी सेवा केंद्रांवर रांगा लावून संगणकावर अर्ज भरले. बँकांनी आणि सोसायट्यांनी आपल्याकडील कर्जदारांची माहिती निराळ्या तक्त्यांत पाठविली. आणि मग मुंबईत ह्या दोहोंचा मेळ घालण्याचे काम सुरू झाले. मेळ बसेना. नावे जुळत नव्हती, आधार क्रमांक चुकलेले होते, खाते क्रमांक अपुरे होते. पात्र शेतकऱ्यांच्या याद्या लांबल्या आणि ज्यांचा काही दोष नव्हता ते ताटकळत राहिले.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली तेव्हा कामाचा क्रम उलटा करण्यात आला. शेतकऱ्याने अर्ज करावयाचा नव्हता. बँकांनी आणि सोसायट्यांनी प्रथम आपल्या कर्जखात्यांस आधार क्रमांक जोडून घ्यावयाचे, त्यावरून तयार झालेली यादी गावात लावावयाची, आणि शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा लावून रक्कम मान्य आहे की नाही एवढेच सांगावयाचे. तक्रार असल्यास ती जिल्हा समितीकडे जाई. दोन्ही योजनांच्या धोरणाविषयी मतभेद असू शकतील आणि तो ह्या लेखाचा विषय नव्हे. यंत्रे दोन्ही वेळी जवळपास तीच होती. पहिल्या वेळी मेळ शेवटी घालण्याचा प्रयत्न झाला, दुसऱ्या वेळी तो आधी घातला गेला. दुसऱ्या वेळी शेतकऱ्यास कमी हेलपाटे पडले ह्याचे मोठे कारण हेच होय.

वारणेचा धडा

आपल्याच राज्यातील आणखी एक उदाहरण ह्या संदर्भात पाहण्याजोगे आहे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरील वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये सुमारे ७० गावांसाठी संगणकांचे जाळे उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. सहकारी साखर कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या ह्या परिसरात गावोगावी संगणक केंद्रे काढण्यात आली. हेतू मोठा होता. शेतकऱ्यास बाजारभाव कळावेत, पिकांविषयी सल्ला मिळावा, सरकारी कागदपत्रे गावातच मिळावीत, मुलांस शिक्षण मिळावे, अशी अनेक उद्दिष्टे सांगितली गेली. काही वर्षांनी पाहता ह्या केंद्रांचा उपयोग मुख्यतः एकाच कामासाठी होत असल्याचे दिसून आले: कारखान्याशी असलेला उसाचा हिशेब. कोणाचा किती ऊस वजन झाला, कोणी किती खत उचलले, नोंद केव्हाची, इतकेच शेतकरी विचारीत.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन विभागाने ह्या केंद्रांचा अभ्यास केला आणि सात गावांत आठ महिने एक प्रयोग करून पाहिला. गावातील संगणक बाजूस ठेवून तेच काम साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाने करता येईल अशी जोडणी करण्यात आली. शेतकऱ्याने आपला क्रमांक पाठवावा आणि उत्तरात उसाचे वजन मिळावे. संगणकाची सारी कामे ह्या रीतीने होऊ शकली. खर्च कमी आला, सोय अधिक झाली आणि शेतकऱ्यांनाही ती अधिक पसंत पडली. कारखान्याचे हिशेब जेथे होते तेथेच राहिले. शेतकऱ्याच्या हातचा फोनही आधीपासून होताच. मधला दुवा तेवढा नवा होता.

वारणेचा अनुभव वसईस जसाच्या तसा लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथे एक पीक, एक कारखाना आणि एक वजनकाटा होता. येथे केळी, पानवेल, भाजी, चाफा, मोगरा, भात आणि मासळी. माल पहाटेच्या गाडीने दादरला जातो आणि रोख पैसा हातोहात फिरतो. अशा ठिकाणी सर्वांचे सर्व व्यवहार एका जाळ्यात ओढण्याचा अट्टहास करू नये. वारणेच्या केंद्रांनी ठरवून घेतलेल्या दहा उद्दिष्टांपैकी शेतकऱ्यास ज्या एकाची गरज होती तेच टिकले. वसईतील सोसायटीने आपल्या सभासदास सर्वांत आधी काय हवे आहे ते विचारावे. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येईल: माझ्या नावावर येणे किती आणि मी भरलेले पैसे बँकेत जमा झाले की नाही.

क्रम कोणता असावा

केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाचा २,५१६ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. पुढे त्यात आणखी संस्थांची भर पडली. नाबार्डच्या देखरेखीखाली सर्व संस्थांस एकाच धर्तीची आज्ञावली, संगणकसामग्री, जुन्या माहितीचे स्थलांतर आणि प्रशिक्षण अशी त्याची आखणी आहे, आणि संस्थांचे हिशेब जिल्हा व राज्य बँकांशी जोडावेत हा त्याचा मूळ उद्देश आहे. ही योजना स्वागतार्ह आहे. एकाच जिल्ह्यातील सोसायट्यांनी निरनिराळ्या खाजगी विक्रेत्यांकडून घेतलेल्या आज्ञावल्या परस्परांशी कधीच जुळल्या नसत्या. परंतु योजनेची सामग्री आली म्हणजे सांगड झाली असे मानणे ही मोठी चूक ठरेल. जुन्या वहीतील चुकीचे नाव नव्या संगणकात घातले तर ते तेथेही चुकीचेच राहते. मात्र आता ते पुसट शाईऐवजी ठळक अक्षरांत दिसते, आणि म्हणून अधिक खरे वाटते.

यास्तव पहिले काम वहीचे आहे. सहकारी कायद्याप्रमाणे प्रत्येक संस्थेस ‘आय’ नमुन्यातील सभासद नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यातील सभासद यादी ठेवावी लागते. बहुतेक संस्थांत ही यादी निवडणुकीपुरती बाहेर निघते. तीच सांगडीचा पाया होय. प्रत्येक सभासदासमोर त्याचा आधार क्रमांक, बँकेचे खाते, सातबाराचा गट क्रमांक आणि शेतकरी ओळख क्रमांक लिहून ती पूर्ण करावी. शेतकरी ओळख क्रमांक कृषी योजनांच्या लाभासाठी १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात आवश्यक करण्यात आला आहे. तो माणूस आणि त्याची जमीन ह्या दोहोंस बांधणारा असल्यामुळे सोसायटीच्या कामास विशेष उपयोगी आहे. नावाचे जे रूप सातबारावर आहे आणि जे आधारवर आहे ती दोन्ही रूपे वहीत शेजारी शेजारी लिहावीत. एक खोडून दुसरे लिहू नये. मयत सभासदांच्या वारसांची नोंद राहिली असेल तर तीही ह्याच वेळी उरकावी. वारस नोंद, बोजा आणि ई-करार ह्यांचे अर्ज आता ‘ई-हक्क’ प्रणालीतून करता येतात. पूर्वी तलाठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी हे नाव मिळालेल्या कर्मचाऱ्याकडे प्रत्येक कामासाठी जाण्याची गरज त्यामुळे कमी झाली आहे.

ही यादी सचिवाने एकट्याने खोलीत बसून पुरी करावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. एका गटसचिवाकडे अनेकदा दोन किंवा अधिक सोसायट्यांचा भार असतो. ग्रामपंचायतीचा अधिकारी, कृषी खात्याचा गावपातळीवरील सहाय्यक आणि सोसायटीचे पंच ह्यांनी पाड्यापाड्यांवर त्याच्यासोबत जावे. कोणता जुजे कोणत्या इनासचा मुलगा हे सांगणारी म्हातारी माणसे वाडीत अद्याप आहेत. ती आहेत तोवर हे काम होऊन जावे.

दुसरे काम म्हणजे एकेका व्यवहाराचे मूळ ठिकाण ठरविणे. खताची विक्री प्रथम पॉस यंत्रात लिहिली जाते, तर तोच मूळ लेख समजावा. त्यातून दिवसाअखेर निघणारा गोषवारा साठावहीस आणि कीर्दीस आधार व्हावा. पुन्हा पावत्या उकरून लिहीत बसू नये. वसुलीचे मूळ ठिकाण सोसायटीचा संगणक असावा, आणि पैसे भरल्याबरोबर सभासदाच्या मोबाइलवर संदेश जावा. बँकेच्या दप्तराशी थेट जोडणी झालेली नसेल तेथे निदान दर आठवड्यास शाखेचा खातेउतारा घेऊन एकेक रकमेवर खूण करावी. थेट जोडणी होईपर्यंत ही साप्ताहिक खूण म्हणजेच सांगड आहे, आणि तीस वीज लागत नाही.

तिसरी गोष्ट संयमाची आहे. नवी आज्ञावली सुरू झाली त्या दिवशी जुनी वही बांधून माळ्यावर टाकू नये. निदान एक खरीप हंगाम, कर्जवाटपापासून वसुलीपर्यंत, दोन्ही दप्तरे जोडीने चालवावीत. त्यात काम वाढते हे खरे आहे. परंतु दोहोंची तेरीज महिन्याकाठी जुळते असे तीन-चार वेळा दिसल्यावाचून पंचमंडळाचा आणि सभासदांचा यंत्रावर विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये.

काही आक्षेप

ह्या सूचनांस दोन बाजूंनी विरोध होतो. काही म्हणतात, जुने सारे टाकून द्यावे आणि एकदम नवी, सर्व कामे करणारी व्यवस्था आणावी. मोठ्या कारखान्यास ते शक्य आहे, कारण तेथे ते सांभाळणारी स्वतंत्र माणसे असतात. ज्या संस्थेत एकच नोकर कीर्द लिहितो, गोदाम उघडतो आणि वसुलीस फिरतो तेथे एकदम पालट केला तर एक हंगाम कर्जवाटप अडून राहील. दुसरी बाजू म्हणते, वही बरी होती, वहीस जोडणी लागत नव्हती. ह्यात तथ्य आहे. पण वहीच्या काळातही तफावत होतीच, ती उशिरा दिसे इतकाच फरक होता.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. सर्व दप्तरे जोडली गेली म्हणजे सभासदाची सारी माहिती एका ठिकाणी येते, आणि ती कोणाच्या हाती राहील हा प्रश्न उभा राहतो. सचिवाने आपला सांकेतिक शब्द पंचास सांगणे, शेतकऱ्याचे आधार पत्र आणि मोबाइलवर आलेला संकेत दुकानातल्या मुलाच्या हवाली करणे, पाच जणांच्या गोणीसाठी एकाचाच अंगठा चालविणे, असे प्रकार सौजन्याच्या पोटी घडतात. अशा अंगठ्याचा हिशेब पुढे चौकशीत त्याच माणसास द्यावा लागतो. खाजगी विक्रेत्याची आज्ञावली वापरणाऱ्या संस्थेने आणखी एक काळजी घ्यावी. वार्षिक शुल्क थकले किंवा विक्रेता बदलला तर संस्थेची स्वतःची खतावणी तिला वाचता येईल अशा रूपात परत मिळाली पाहिजे, अशी अट करारात लेखी घालून घ्यावी. सभासदांचे हिशेब संस्थेचे आहेत, विक्रेत्याचे नव्हेत. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे, तेव्हा सभासदांची यादी दारावर चिकटविताना तिच्यावर पूर्ण आधार क्रमांक छापण्याची सवय तरी तात्काळ सोडावी.

अर्नाळा, पाचूबंदर ह्या बाजूच्या मच्छीमार सहकारी संस्थांस हेच विवेचन थोड्या फरकाने लागू पडते. तेथे सातबाऱ्याच्या जागी बोटीचा नोंदणी क्रमांक येतो आणि खताच्या जागी डिझेल. डिझेलवरील कराच्या परताव्यासाठी बोटीची नोंदणी, परवाना आणि संस्थेची डिझेलवही ह्यांतील नाव एकच असावे लागते. मालक मयत झाला आणि बोट मुलगा चालवू लागला की हे नाव तुटते.

हे काम करण्यास वर्षातील योग्य काळ चैत्र-वैशाखाचा. तेव्हा भाताची कापणी आणि झोडणी होऊन गेलेली असते आणि खताची रांग अद्याप लागलेली नसते. तयार झालेली यादी सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक साधारण सभेत वाचून दाखवावी. नावे सावकाश वाचावीत, सामवेदी, वाडवळी वा वारली बोलीत ज्यास जी हाक आहे ती हाकही सोबत घ्यावी, आणि ज्याचे नाव चुकले असेल त्याने उभे राहून सांगावे. सचिवाने ते तेथल्या तेथे पेन्सिलीने वहीत दुरुस्त करावे आणि दुसऱ्या दिवशी कागदपत्र पाहून शाईने लिहावे. संगणकावर ते त्यानंतर चढवावे.